पाचवीचा कोरा कागद

मूल जन्मल्यानंतरच्या पाचव्या रात्री महाराष्ट्रातल्या अनेक घरांत बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा होते. काही घरांत हाच विधी सहाव्या रात्री षष्ठीपूजन म्हणून करतात. पूजेशेजारी एक कोरा कागद आणि लेखणी ठेवलेली असते. हल्ली लेखणीच्या जागी बॉलपेन येते. सगळे निजले की सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, अशी समजूत. सकाळी कागद कोराच असतो. लिहायचे ते कपाळावर लिहून झालेले असते.

त्याच सकाळी आजी पाटावर पाय लांब करून बसते आणि बाळाला आपल्या नडग्यांवर उताणे घेते. कोमट तेल टाळूवर थापते, छाती-पोट चोळते, उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला लावून सांधे मोकळे करते. नाक सरळ यावे म्हणून चिमटीत धरून हलकेच ओढते, डोके गोल व्हावे म्हणून तळव्याने दाबते. मग पालथे घालून पाठ. हे सगळे चालू असताना तिची बडबड अखंड चालू असते आणि बाळाने एखादा हुंकार दिला की ती थांबून त्याला उत्तर देते. कपाळावरचा मजकूर काल रात्रीच पक्का झाला असेल तर आज नाक ओढण्याचे कारण काय, असे तिला कोणी विचारत नाही.

बालपणाच्या घडणीविषयी धर्म आणि तत्त्वज्ञान यांत जो वाद चालत आला, तो सगळा या दोन कृतींमध्ये सामावलेला आहे. मूल सोबत काय घेऊन येते आणि घर त्याला काय देते, हा तो प्रश्न. ‘संस्कार’ हा मराठीतला रोजचा शब्द या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना वापरला जातो. धर्मशास्त्रात संस्कार म्हणजे विधी. मीमांसेतली त्याची व्याख्या साधी आहे: ज्यामुळे एखादी वस्तू एखाद्या कामाला योग्य होते तो संस्कार. भात कांडणे हाही संस्कारच. सोळा संस्कारांच्या प्रचलित यादीत गर्भाधानापासून कर्णवेधापर्यंतचे नऊ संस्कार मूल साधारण पाच वर्षांचे होईपर्यंत उरकतात. जातकर्म, नामकरण, निष्क्रमण, अन्नप्राशन, चौल हे सगळे त्यातच आले. मनुस्मृती तर म्हणते की या विधींनी बीजातून आणि गर्भातून आलेला दोष धुतला जातो. म्हणजे जन्माने आलेले पुसता येते, हे विधी सांगणाऱ्यांनाही मान्य होते. दुसरा अर्थ दर्शनांतला. तिथे संस्कार म्हणजे अनुभवाचा मनावर उरलेला ठसा, जो पुढच्या जन्मातही सोबत येतो. तिसरा अर्थ बोलीभाषेतला: घरातले वळण. ‘चांगल्या संस्कारांतला मुलगा’ म्हणताना यांपैकी नेमके काय अभिप्रेत आहे, ते बोलणाऱ्यालाही बहुधा सांगता येणार नाही.

मूल काहीतरी घेऊन येते, या बाजूचा सर्वांत बांधेसूद युक्तिवाद न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आहे. सूत्रकार गौतमाला तिथे आत्मा नित्य आहे हे सिद्ध करायचे आहे आणि त्यासाठी तो यज्ञाकडे किंवा ऋषींच्या अनुभवाकडे न जाता तान्ह्या बाळाकडे बघतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला हर्ष होतो, भय वाटते, दुःख होते. या जन्मात तर त्याने अजून काहीच अनुभवलेले नाही. मग हे आले कुठून? आठवणीतून, आणि ती आठवण मागच्या जन्मातल्या सवयीची. प्रतिपक्षी म्हणतो, कमळ उमलते आणि मिटते, त्याला कुठे आठवण असते? गौतमाचे उत्तर असे की कमळाचे उमलणे ऊन, थंडी, पाऊस अशा कारणांनी होते, बाळाच्या हर्षाला तसे बाहेरचे कारण दाखवता येत नाही. मग तो दुसरा दाखला काढतो. जन्मल्याबरोबर बाळाला दूध हवे असते. जो कोणी भुकेला अन्नाकडे वळतो तो पूर्वी खाल्लेले आठवून वळतो. बाळाने या देहात अजून काही खाल्लेले नाही, म्हणून ते आधीच्या देहात खाल्लेले असले पाहिजे. प्रतिपक्षी पुन्हा आडवा येतो: लोखंड चुंबकाकडे जाते, त्याने कधी चुंबक खाल्ला होता? त्यावर उत्तर मिळते की लोखंड फक्त चुंबकाकडेच जाते, दुसरीकडे जात नाही, त्याअर्थी त्या हालचालीलाही नेमके कारण आहे. तसे नेमके कारण बाळाच्या बाबतीत शोधले तर अनुभवाला येणारे एकच सापडते, पूर्वीचा सराव. शेवटी गौतम म्हणतो की कोणतीही ओढ नसलेले मूल जन्मलेले कोणी पाहिलेले नाही.

हा वाद वाचताना प्रतिपक्षाचा चुंबक आज जास्त पटतो, हे कबूल करावे लागेल. पण गौतमाने प्रश्न बरोबर पकडला होता. दूध पिणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. तोंड वळवणे, चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा ताल जुळावा लागतो, आणि पूर्ण दिवसांचे बाळ पहिल्याच तासात तो जुळवू शकते.

त्याच बाळाकडे इतरांनीही पाहिले. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टिनने आपल्या आत्मनिवेदनात एका तान्ह्या मुलाचे वर्णन केले आहे. त्याला अजून बोलता येत नव्हते, पण त्याच दाईचे दूध पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे ते असूयेने पांढरेफटक पडून पाहत होते. ऑगस्टिनला त्यात आदिम पापाची खूण दिसली. बाळ निष्पाप वाटते ते त्याच्या अंगात बळ नसते म्हणून, मनात पाप नसते म्हणून नव्हे, असा त्याचा निष्कर्ष. इस्लामी परंपरेतील एक प्रसिद्ध हदीस याच्या उलट टोकाला आहे. तिच्यानुसार प्रत्येक मूल ‘फितरत’ घेऊन, म्हणजे मूळच्या निर्मळ स्वभावासह जन्मते. आईबाप त्याला यहुदी, ख्रिस्ती किंवा अग्निपूजक बनवतात. 1690 मध्ये जॉन लॉकने मनाला कोऱ्या कागदाची उपमा दिली आणि घराचे व शिक्षकाचे महत्त्व एकदम वाढवले. 1762 मध्ये रूसोने ‘एमिल’ लिहून सांगितले की मूल चांगलेच जन्मते, माणसे त्याला बिघडवतात. रूसोने स्वतःची पाचही मुले पॅरिसच्या अनाथालयात सोडली होती. सिद्धान्ताची परीक्षा त्याने घरी घेतली नाही, एवढेच म्हणता येईल. दूध पिणारे मूल तेच. कुणाला त्यात स्मृती दिसली, कुणाला पाप, कुणाला कोरेपणा.

विसाव्या शतकात या बाळाविषयी जे कळले त्याने गौतमाला अनपेक्षित बाजूने थोडा दुजोरा मिळाला. गर्भातले मूल अंगठा चोखते आणि भोवतालचे पाणी गिळते. चोखण्या-गिळण्याचा सराव जन्माआधी कित्येक आठवडे चाललेला असतो. 1980 मध्ये अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फिफर यांनी तीन दिवसांहून लहान बाळांच्या तोंडात एक चोखणी दिली. ठरावीक लयीत चोखले तर आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखले तर परक्या बाईचा. बाळांनी आपल्या चोखण्याची लय बदलून आईचा आवाज मागून घेतला. म्हणजे पूर्वाभ्यास होता, आठवणही होती; फक्त ती मागच्या जन्मातली नसून मागच्या महिन्यांतली निघाली. घराची घडण मुलाच्या आधी सुरू झालेली असते आणि आईचे पोट हे मुलाचे पहिले घर असते. ज्या घरात गरोदर बाई सगळ्यांच्या शेवटी, उरले तर जेवते, तिथे जन्माआधीच काय काय ठरून गेलेले असते, हे सांगायला सटवाईची गरज नाही. अभिमन्यूने पोटात असताना चक्रव्यूह शिकला किंवा कयाधूच्या पोटात प्रल्हादाने नारदाचा उपदेश ऐकला, या कथा अर्थात वेगळ्या. आईच्या आवाजाचा चढउतार बाळ ओळखते, व्यूहरचना नाही. गर्भसंस्काराच्या नावाने आज जे शुल्क आकारले जाते ते या दोहोंतला फरक विसरूनच.

कर्मसिद्धान्त मानला की घराला महत्त्व उरत नाही, असे वरवर वाटते. परंपरेतले ग्रंथ मात्र तसे म्हणत नाहीत. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन विचारतो की योगाच्या वाटेवर मध्येच ढळलेल्याचे काय होते. कृष्णाचे उत्तर असे की तो शुचिर्भूत आणि संपन्न माणसांच्या घरी जन्मतो, किंवा योग्यांच्याच कुळात जन्मतो, आणि हा दुसरा जन्म अधिक दुर्लभ. मागच्या जन्मीची बुद्धी त्याला तिथे परत मिळते. इथे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते: सगळे सोबतच आले असते तर कुळ कोणते याला काय अर्थ होता? जीवाने कितीही मिळवलेले असो, ते उगवण्यासाठी त्याला घर शोधावे लागते. बी आणि जमीन यांपैकी एकाचे नाव घेऊन या वचनाचा अर्थ लागत नाही.

मार्कंडेय पुराणातली मदालसेची कथा यापुढे जाते. ऋतध्वज राजाला मदालसेपासून पहिला मुलगा झाला. राजाने त्याचे नाव विक्रान्त ठेवले, तेव्हा ती हसली. पाळण्यात रडणाऱ्या त्या बाळाला ती गाऊन सांगत राहिली की तू शुद्ध आहेस, नाव तर आता कुणीतरी चिकटवलेले आहे, हा देह तुझा नाही. दुसरा सुबाहू, तिसरा शत्रुमर्दन. दोन्ही नावांना ती हसली आणि दोघांनाही तेच ऐकवले. तिघेही मोठे होऊन विरक्त झाले. चौथ्याच्या वेळी राजा म्हणाला, आता नाव तूच ठेव. तिने ठेवले ‘अलर्क’, म्हणजे पिसाळलेला कुत्रा. राजा चिडला. ती म्हणाली, नाव व्यवहारापुरते असते, तुम्ही ठेवलेल्या तीन नावांना तरी कोणता अर्थ होता? राजाने विनवले की निदान या मुलाला तरी राज्याच्या कामाचा राहू दे. तिने ते ऐकले, त्याला राजधर्म शिकवला आणि अलर्क राजा झाला. आईबाप तेच, वाडा तोच, पाळणा तोच. बदलले ते फक्त पाळण्याशी बोललेले शब्द. पुराणकर्त्याने जणू प्रयोगच मांडला आहे, आणि त्यात संचिताचा हवाला कुठेच दिलेला नाही. कथेचा शेवटही एकसुरी नाही. आईने जाताना दिलेल्या अंगठीतला संदेश अलर्काने संकटात उघडला आणि पुढे दत्तात्रेयांकडून ज्ञान घेतले. लहानपणी पेरलेले एक आणि उगवले दुसरे, असेही होऊ शकते, याची ती कबुली आहे.

मदालसा शब्दांचे काम सांगते. हातांचे काम चरकसंहितेत आले आहे. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बाळाच्या खोलीचे वर्णन आहे. खोली अंधारी नको, वारा कोंडलेला नको आणि अंगावर येणाराही नको. उंदीर, डास यांचा उपद्रव नको. अंथरूण-पांघरूण मऊ, हलके आणि स्वच्छ असावे. घामाने मळलेले टाकून द्यावे, आणि दुसरे मिळण्यासारखे नसेल तर तेच धुऊन, धुरी देऊन, नीट वाळवून वापरावे. ऐपत नसलेल्या घराचा विचार इथे झालेला दिसतो, तो शास्त्रग्रंथांत नेहमी होत नाही. खेळणी रंगीबेरंगी, आवाज करणारी, बाळाला आवडतील अशी असावीत. जड नकोत, टोकदार नकोत, तोंडात जातील एवढी लहान नकोत, घाबरवणारी नकोत. आज खेळण्यांच्या खोक्यावर बारीक अक्षरांत जी सूचना असते, तिची ही जुनी आवृत्ती. त्याच्याच पुढे चरक बजावतो की मूल रडत असले, जेवत नसले, ऐकत नसले तरी राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्याला भिववू नये. बागुलबुवाच्या नावाने चार घास भरवणाऱ्या घरांनी हे कधी वाचलेले नसावे. भीतीने मूल गप्प होते. चरकाला गप्प मूल नको होते, निर्भय मूल हवे होते.

स्वच्छ खोली, पुरेसे दूध आणि निर्धोक अंथरूण एवढ्याने भागत असते तर प्रश्न सोपा होता. ते भागत नाही हे 1945 मध्ये रेने स्पिट्झ या मानसोपचारतज्ज्ञाने प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणातून दिसले. त्याने दोन संस्थांतली तान्ही मुले पाहिली. एक अनाथालय होते, स्वच्छ, डॉक्टरांची देखरेख असलेले. पण एकेका परिचारिकेकडे सात-आठ आणि त्याहून अधिक बाळे होती, आणि खाटांच्या कडांवर चादरी टाकलेल्या असल्याने बाळाला दिसायचे ते फक्त छत. दुसरी संस्था म्हणजे बायकांचा तुरुंग, जिथे कैदी आया आपल्या बाळांना रोज स्वतः सांभाळत. तुरुंगातली बाळे वाढली. अनाथालयातली बाळे आधी रडली, मग रडायची थांबली, बसणे-बोलणे मागे पडत गेले, आणि दोन वर्षांत त्यांतली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक दगावली. रुमानियात 1989 मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर सरकारी अनाथालयांतली हजारो मुले जगाला दिसली. तिथे 2000 नंतर सुरू झालेल्या बुखारेस्टच्या अभ्यासात 136 मुले होती. निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने पालक-कुटुंबांत ठेवले, उरलेल्यांचे नेहमीप्रमाणे चालू राहिले. घरात गेलेली मुले सरस ठरली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेली सर्वांत जास्त. उरलेल्यांना चिठ्ठी लागली नाही म्हणून संस्थेत राहावे लागले, हे ज्याला टोचत नाही त्याने नीतिशास्त्रावर बोलू नये. अभ्यासकांनी मात्र असे म्हटले की तिथे पालक-कुटुंबांची सोय जवळपास नव्हतीच, ती त्यांनी उभी केली.

नैयायिक संस्काराचे तीन प्रकार सांगतात: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. सुटलेला बाण पुढे जात राहतो तो वेगामुळे, पाहिलेले आठवते ते भावनेमुळे आणि गुंडाळलेली चटई सोडली की पूर्वीच्या आकारात येते ती स्थितिस्थापकामुळे. बुखारेस्टच्या मुलांविषयी विचारायचा प्रश्न हाच होता की चटई कितपत उलगडते. उत्तर मिळाले ते अर्धेमुर्धे: उलगडते, पण किती काळ गुंडाळून ठेवली होती त्यावर अवलंबून.

या सगळ्यातून एक वाईट अर्थही निघाला. घर महत्त्वाचे म्हणजे आई महत्त्वाची, आणि मूल बिघडले तर आई चुकली, असे समीकरण युरोप-अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात रुजले. आपल्याकडे त्याला वेगळी जोड लागली नाही. ‘आईने काही वळण लावले नाही’ हे वाक्य तयारच होते. पण मुलाला लागते ते ओळखीचे, परत परत येणारे, हाकेला ओ देणारे माणूस, आणि अशी माणसे एकाहून अधिक असली तर मुलाला ती चालतात. वाड्यात आजी, आत्या, काकू, शेजारीण यांच्या कडेवरून फिरणारे मूल अनाथ नसते. या व्यवस्थेची किंमत मात्र कुणीतरी मोजत असते. बहुतेक वेळा ती आठ-नऊ वर्षांची मोठी बहीण असते, जिची शाळा धाकट्या भावापायी सुटते. एकाच्या संगोपनासाठी दुसरीचे बालपण खर्ची पडते, आणि त्याला घरात समजूतदारपणा म्हणतात.

‘दारिद्र्य पाचवीला पुजलेले’ ही म्हण सटवाईच्या समजुतीतूनच आली. कपाळावरच्या लेखाचा सर्वांत मोठा उपयोग कुणाला झाला, हे त्या म्हणीत दिसते. मागच्या जन्मीच्या कर्माने जात मिळाली, जातीने घर मिळाले आणि घराने उपासमार, अशी साखळी लावली की जबाबदार कुणीच उरत नाही. फार तर ते तान्हे मूल. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते ही साखळी एका ठिकाणी तोडण्यासाठी. ब्राह्मण विधवांनी तिथे गुपचूप बाळंत व्हावे आणि मूल मारू नये. समाजाच्या लेखी ही मुले पापाची होती. मनुस्मृतीच्या भाषेत बोलायचे तर बीजाचाच दोष. त्यांपैकी एक यशवंत, ज्याला फुले दांपत्याने 1874 मध्ये दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई ज्या रुग्णांची सेवा करताना वारल्या त्यांच्यावर उपचार करायला तोच होता.

घराने घडते आणि घर कुणी निवडत नाही, असे असेल तर घराच्या उणिवांना उत्तर कुणी द्यायचे? कर्मसिद्धान्ताकडे एक उत्तर होते: ज्याने त्याने आपले घर कमावलेले असते. ते नाकारले की प्रश्न घराबाहेर, अंगणात येतो, आणि हे फक्त रूपक नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले होते. 1945 मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. बालवाडी काढली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले येईनात. तेव्हा बालवाडीच उठून वस्तीत गेली आणि एखाद्याच्या अंगणात भरू लागली. तिला ‘अंगणवाडी’ हे नाव पडले. पहिले काम म्हणजे मुलांची तोंडे धुणे, केस विंचरणे, नखे कापणे. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छताखाली आणली होती, म्हणजे कडेवरचे भावंड पाळणाघरात ठेवून मोठ्या बहिणीला शेजारच्या वर्गात बसता येई. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 गटांत सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना देशभर तेच बोर्डीचे नाव मिळाले.

तरीही काही मुले उरतच होती. गुरे राखणारी मुले दिवसभर रानात असत, त्यांना ना अंगण होते ना वर्ग. अनुताईंनी त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली. जिथे गुरे चरत तिथे शिक्षक जाई, मुले एक डोळा गुरांवर ठेवून शिकत, आणि एखादे वासरू शेताकडे वळले की धडा तेवढ्यापुरता थांबे.